अंगठा दिला, पण पटलं नव्हतं

एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी सुचवलं, की घरकाम करणाऱ्या बायकांनी आणि डिलिव्हरीच्या मुलांनी पुढची लिफ्ट वापरू नये, त्यांच्यासाठी मागची वेगळी ठेवावी. तासाभरात अंगठ्यांची रांग लागली. ताईंना ते पटलं नव्हतं, तरी त्यांनीही अंगठा दिला. काही दिवसांनी शेजारणींशी बोलताना कळलं, की तिघींना ते मुळीच पटलेलं नव्हतं. दोघींनी अंगठा दिला होता, एक गप्प बसली होती. ताईंच्या सोळा वर्षांच्या मुलाच्या वर्गाच्या ग्रुपवर वेगळीच तऱ्हा आहे. तिथे एका मुलावर सगळे तुटून पडतात. हा घरी अस्वस्थ असतो, पण ग्रुपवर हसणारे इमोजी टाकतो. ताई विचारतात: "इंटरनेटमुळे आपली मेंढरं झाली आहेत का? आणि मी एकटी काय करू शकते?"

मी समाजमानसशास्त्र शिकवते, आणि शाळा, सोसायट्या, संस्था यांच्यातल्या गटांबरोबर बरीच वर्षं काम करते. उत्तर लांबेल, म्हणून मला काय म्हणायचंय ते आधीच सांगते. ताई, तुमच्या ग्रुपवर जे झालं ते एकमत नव्हतं. प्रत्येकाने इतरांच्या मनाचा चुकीचा अंदाज बांधला, आणि त्या अंदाजाबरहुकूम सगळे वागले. तुमच्या शेजारणींना स्वतःचं मत होतं. ते कुणाला दिसलं नाही, एवढंच. म्हणून एकटीने करण्यासारखं बरंच आहे, आणि ते वाटतं त्यापेक्षा लहान आहे.

गटाबरोबर जाणं इंटरनेटने शिकवलेलं नाही. २१ सप्टेंबर १९९५ आठवून बघा. गणपती दूध पितो ही बातमी पहाटे दिल्लीत सुरू झाली आणि त्याच दिवशी देशभरच्या देवळांपुढे वाट्या-चमचे घेऊन रांगा लागल्या. लंडनच्या देवळांपर्यंत ती पोचली. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं होतं १५ ऑगस्ट १९९५ ला, म्हणजे जेमतेम पाच आठवडे आधी, आणि ते जवळजवळ कुणाच्याच घरी नव्हतं. बातमी गेली ती लँडलाइनवरून, एसटीडी बूथवरून, शेजारच्या दारातून. शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखवलं, की पृष्ठताण आणि केशाकर्षण यांमुळे दूध चमच्यातून ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ थराने खाली ओघळतं. पण रांगेतला माणूस भौतिकशास्त्राचा विचार करत नव्हता. एवढे लोक उगाच उभे राहतील का, एवढाच त्याचा विचार होता.

हा विचार मूर्खपणाचा नाही, हे मी आग्रहाने सांगते. इतरांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असू शकतं, हे धरून चालल्याशिवाय रोजचं जगणं अशक्य आहे. मॉर्टन डॉइच आणि हॅरॉल्ड जेरार्ड यांनी १९५५ मध्ये गटापुढे झुकण्याची दोन वेगळी कारणं मांडली. पहिलं हेच: इतरांकडे माहिती असेल म्हणून झुकणं. दुसरं, वेगळे पडू नये म्हणून झुकणं. पहिल्यात माणसाचं मत खरंच बदलतं. दुसऱ्यात मत तसंच राहतं, वागणं तेवढं बदलतं. तुमचा अंगठा दुसऱ्या प्रकारातला होता.

वेगळं पडण्याची भीती मराठी माणसाला समजावून सांगायला लागत नाही. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी विधवाविवाह केला, तेव्हा मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकलं, आणि त्यांना आसरा दिला तर घरच्यांचीही तीच गत होईल असं बजावलं. मुरुडात सगळेच या शिक्षेच्या बाजूचे असतील असं मला वाटत नाही. पण कर्व्यांना जवळ करील तो स्वतः वाळीत पडणार, अशी ती व्यवस्था होती. शिक्षा करणाऱ्यालाही शिक्षेचा धाक होता. ही रीत इतकी चिवट, की २०१६ मध्ये महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि तो २०१७ च्या जुलैपासून लागू झाला. कर्व्यांनी त्याच वर्षी, १८९३ मध्येच, विधवाविवाहोत्तेजक मंडळी काढली याकडे मी नेहमी लक्ष वेधते. आपल्यासारखं वाटणारी आणखी चार माणसं आहेत हे उघड दिसावं, ही त्या मंडळीची पहिली उपयुक्तता होती. त्या चार माणसांनी नेमका काय फरक पडतो, हे पुढे प्रयोगशाळेत मोजलं गेलं.

तो प्रयोग सॉलोमन ॲश यांचा, १९५० च्या आसपासचा, अमेरिकेतला. सात-आठ तरुण एका टेबलाभोवती बसलेले. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. तिन्हींतली कोणती पहिलीएवढी लांब, हे एकेकाने मोठ्याने सांगायचं. उत्तर इतकं सोपं, की एकट्याला विचारलं तर चूक जवळजवळ होतच नाही. पण टेबलावर खरा प्रयोगाला आलेला माणूस एकच. बाकीचे ॲश यांचे साथीदार, आणि ते ठरवून बारा वेळा एकसुरात चुकीचं उत्तर देणार. त्या बारा वेळांतली सुमारे ३७ टक्के उत्तरं गटाच्या चुकीप्रमाणे आली. चारातल्या तिघांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसणारं सोडून गटाचं उत्तर दिलं.

हा प्रयोग सांगणारे बहुतेक जण इथे थांबतात आणि माणूस किती दुबळा आहे यावर येतात. मला ते अन्यायाचं वाटतं. तेच आकडे उलट बाजूने वाचा: जवळजवळ दोन तृतीयांश उत्तरं बरोबर आली, आणि चारातला एक जण एकदाही झुकला नाही. त्याहून मोठी गोष्ट पुढच्या फेऱ्यांत कळली. साथीदारांपैकी फक्त एकाने खरं उत्तर दिलं, की झुकण्याचं प्रमाण एक चतुर्थांशावर आलं. त्या एकाने खरं उत्तर न देता वेगळंच, आणखी चुकीचं उत्तर दिलं, तरीही दबाव खूप कमी झाला. म्हणजे वेगळं बोलणाऱ्याचं म्हणणं बरोबर असायलाच हवं असंही नाही. एकसुरीपणा मोडला, की बाकीचे स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू लागतात. हाच सोबती मध्येच फुटून गटाला मिळाला, तर दबाव पुन्हा पहिल्यासारखा होतो. आणि उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायला दिलं, तर झुकणं पुष्कळ कमी होतं.

या चारही निष्कर्षांचा तुमच्या ग्रुपशी थेट संबंध आहे. पण त्याआधी पडद्यावर काय बदलतं ते बघू, कारण मला खरी काळजी तिथे वाटते.

सोसायटीच्या सभागृहात हाच विषय निघाला असता, तर कुणीतरी खुर्ची सरकवली असती. कुणाच्या कपाळाला आठी पडली असती. मागच्या रांगेत "असं कसं करता येईल?" एवढी कुजबुज तरी झाली असती. माणसं विरोध सुरू करतात ते भाषणाने नाही, अशा बारीक हालचालींनी, आणि एकमेकांच्या त्या हालचाली टिपून थोडं थोडं धाडस करतात. ग्रुपवर हे काहीच दिसत नाही. दोनशे जणांच्या ग्रुपवर तीस अंगठे आले, तर एकशेसत्तर जणांचं मौन उरतं. त्यात न वाचलेले आहेत, वाचून चिडलेले आहेत, विचारात पडलेले आहेत, स्वयंपाकात गुंतलेले आहेत. पडद्यावर ते सगळे एकसारखे दिसतात, आणि आपण त्यांना संमतीच्या रकान्यात टाकतो. तुमच्या गप्प बसलेल्या शेजारणीचं मत तिच्या नकळत तिच्या विरुद्ध बाजूला मोजलं गेलं.

आपलं मत अल्पमतात आहे असं वाटलं की माणूस गप्प होतो, गप्प झाल्यामुळे ते मत आणखीच अल्प दिसतं, आणि मग पुढचा गप्प होतो. एलिझाबेथ नोएल-नॉयमान या जर्मन अभ्यासक बाईंनी हे चक्र १९७४ मध्ये मांडलं, टीव्ही आणि वर्तमानपत्रांच्या काळात. इंटरनेटवर तरी लोक मोकळे होतील अशी पुढे आशा होती. अमेरिकेत प्यू संस्थेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत लोकांना विचारलं, की सरकार नागरिकांवर ठेवत असलेल्या पाळतीविषयी, म्हणजे स्नोडेन प्रकरणाविषयी, तुम्ही कुठे बोलाल? समोरासमोर बोलायला ८६ टक्के तयार होते, फेसबुक-ट्विटरवर ४२ टक्के. आपले ओळखीचे आपल्याशी सहमत आहेत असं ज्यांना वाटत होतं, ते जास्त बोलायला तयार होते. म्हणजे तेच चक्र, फक्त वेगाने फिरणारं.

त्यात लिहिलेलं राहतं. तोंडी बोललेलं वाक्य दुसऱ्या दिवशी सौम्य करता येतं, ग्रुपवरच्या वाक्याचा स्क्रीनशॉट निघतो. ग्रुप सोडला की 'अमुक लेफ्ट' अशी ओळ सगळ्यांना दिसायची, म्हणून कित्येक जण नको असलेल्या ग्रुपांवर वर्षानुवर्षं पडून राहिले. व्हॉट्सॲपने २०२२ मध्ये गुपचूप बाहेर पडण्याची सोय केली. आता त्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते. मला हा बदल लहान वाटत नाही. सोडून जायचं दार उघडं असेल, तर आत असताना खरं बोलणं सोपं जातं.

आकडे समोर दिसणं हाही एक दबाव आहे, आणि त्यावर अतिशय स्वच्छ प्रयोग झाले आहेत. मॅथ्यू सॅल्गॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये चौदा हजारांहून जास्त लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी ऐकवली. काहींना फक्त गाणी दिसत. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या गटांत वाटलं होतं, आणि त्यांना आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं तो आकडाही दिसे. आठही गटांत गाणी तीच, पण लोकप्रिय ठरलेली गाणी गटागटांत वेगळी निघाली. सुरुवातीच्या थोड्या लोकांनी योगायोगाने जे निवडलं ते फुगत गेलं. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि अगदी वाईट सहसा वर आली नाहीत, पण मधल्या सगळ्यांचं नशीब पहिल्या काही आकड्यांवर ठरलं. पुढे २०१३ मध्ये लेव्ह मुचनिक, सिनान अरल आणि शॉन टेलर यांनी एका बातम्यांच्या संकेतस्थळावर प्रतिक्रियांना नुसतं एक पसंतीचं मत आधीच देऊन ठेवलं, कुठलीही प्रतिक्रिया चिठ्ठी टाकून निवडावी तसं. त्या प्रतिक्रियांचे शेवटचे गुण सरासरीने २५ टक्क्यांनी वाढले. एका मताने! नापसंतीचं मत दिलं तेव्हा मात्र वाचकांनी ते भरून काढलं. तुमच्या ग्रुपवर पहिले चार अंगठे कुणाचे होते, हे जरा वर जाऊन बघा. बहुधा त्या वेळी फोन हातात असलेल्यांचे असतील. बाकीचं काम त्या चारांनी केलं.

मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जोडावी लागते. लाइक म्हणजे नुसती दाद नव्हे, ते शिक्षण आहे. चारचौघांत काय बोलावं, काय बोलू नये हे पूर्वी आजीच्या नजरेतून, वाड्यातल्या मोठ्यांच्या टोकण्यातून शिकलं जाई. आता ते पसंतीच्या आकड्यांतून शिकलं जातं. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ७,३३१ ट्विटर वापरणाऱ्यांची सव्वा कोटीहून जास्त ट्वीटं तपासली. ज्यांच्या संतापाच्या ट्वीटला जास्त दाद मिळाली, ते पुढे जास्त संतापून लिहू लागले. राजकीयदृष्ट्या मवाळ असलेल्या जाळ्यांतली माणसं या बक्षिसांनी अधिक बदलत गेली, हे मला त्यातलं सगळ्यात अस्वस्थ करणारं वाटतं. तुमचा मुलगा क्रूर नाही. कुठल्या वाक्याला दहा हसरे चेहरे मिळतात, हे त्याला रोज शिकवलं जातंय.

आता ज्यासाठी मी हा विषय सोडू शकत नाही ते सांगते.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आदिवासी वस्तीचं छोटं गाव. त्या दिवशी आठवडी बाजार होता. सोलापूरकडची नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे आली होती. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हे या भटक्या जमातीचं पिढ्यान्‌पिढ्यांचं जगणं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा काही आठवडे फोनांवर फिरत होती. त्यांच्यापैकी एक जण एका लहान मुलीशी बोलला असं कुणाला तरी दिसलं, आणि जमावाने त्यांना धरलं. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून त्या पाचही जणांना मारून टाकण्यात आलं. त्याचंही चित्रण झालं, आणि तेही पसरलं.

त्या सुमारास देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक कराचीची होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरचं मूल उचलून नेतात, असं तीत दिसतं. मूळ फीत मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जागृती करणारी जाहिरात होती. शेवटी ते दोघे मूल परत आणून ठेवतात आणि एक फलक दाखवतात. तेवढा शेवट कापला, की जाहिरातीचा पुरावा झाला.

राईनपाड्यावर बोलताना शहरातली माणसं चटकन "अशिक्षित जमाव" म्हणतात. मी हा शब्द वर्गात वापरू देत नाही. अफवा पुढे पाठवणाऱ्यांत शिकलेले भरपूर होते. "खरं-खोटं माहीत नाही, पण काळजी घेतलेली बरी" असं वर लिहून त्यांनी पाठवलं. ज्याने पाठवलं त्याच्या दृष्टीने ते एक बोट होतं, आणि हेतू चांगला होता. पण एकच संदेश मेहुण्याकडून, शाळासोबत्याकडून आणि गावच्या ग्रुपवरून असा तीनदा आला, की घेणाऱ्याला ते तीन साक्षीदार वाटतात. मूळ एकच आहे हे पडद्यावर कळत नाही. ॲश यांच्याकडेही एकाच्या विरोधात तीन जण एकसुरात बोलले की दबाव जवळजवळ पुरा होत असे. त्यापुढे माणसं वाढवून फारसा फरक पडत नसे.

त्याच दिवशी मालेगावातही अशाच अफवेवरून जमावाने एका कुटुंबाला घेरलं. तिथे स्थानिक माणसांनी त्यांना घरात घेतलं, पोलिस पोचले आणि ती माणसं वाचली. अफवा तीच, दिवस तोच. गर्दीतला एकसुरीपणा कुणीतरी आपल्या उंबऱ्यावर मोडला.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू केली. एप्रिल २०२० मध्ये, खूप वेळा पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. त्यानंतर असे संदेश सत्तर टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनेच सांगितलं. कुणाचंही मन न वळवता, नुसता एक अडथळा घालून एवढं झालं. यातली बहुतेक माणसं ठाम विश्वासाने पाठवत नव्हती याचा मला हा पुरावा वाटतो. सोपं होतं म्हणून पाठवत होती, तुम्ही अंगठा दिलात तसंच.

तुमच्या लिफ्टची तुलना पाच खुनांशी करण्याचा माझा हेतू नाही. पण एक धागा दोन्हीकडे आहे: ज्यांच्याविषयी ठरतंय ती माणसं ग्रुपवर नाहीत. राईनपाड्याच्या फोनांवर कुणी डवरी गोसावी नव्हता, आणि तुमच्या ग्रुपवर तुमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी नाहीत. त्या असत्या, तर ते पहिलं वाक्य लिहिलंच गेलं नसतं. वेगळं भांडं, वेगळं दार, वेगळी लिफ्ट ही परंपरा आपल्याकडे कुठून आली हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून ताई, हा विषय सोडून देऊ नका असं मी अगदी मनापासून सांगते.

करायचं काय? त्या तिघी शेजारणींना आधी फोन करा. त्यांना मोहीम काढायला सांगू नका, वादात ओढू नका. "मी आज संध्याकाळी ग्रुपवर लिहिणार आहे, तुम्हाला तसंच वाटत असेल तर खाली एक ओळ लिहा" एवढंच सांगा. मग साधं लिहा: "परवा घाईत अंगठा दिला होता. विचार केल्यावर मला हा प्रस्ताव पटत नाही. आपल्या घरी रोज येणाऱ्या बायकांना वेगळ्या लिफ्टने पाठवणं मला योग्य वाटत नाही. सकाळी लिफ्टला गर्दी होते ही अडचण खरी आहे, त्यावर दुसरा मार्ग काढू. हा विषय सभेत घ्यावा." मत बदललं हे उघड लिहिण्याने तुमचं वजन कमी होत नाही. उलट, ज्या इतरांनी नाइलाजाने अंगठा दिला त्यांना परतीची वाट मिळते.

उत्तरांत कुणी चिडलं, तर तुमचं म्हणणं एकदाच पुन्हा मांडा आणि थांबा. ग्रुपवर जिंकायचं नसतं. तुमच्याशी भांडणाऱ्या दोघांपेक्षा न बोलता वाचणारे एकशेसत्तर महत्त्वाचे आहेत, आणि लांबलेल्या भांडणात ते फोन बाजूला ठेवतात. कुणाच्या हेतूवर बोट ठेवू नका. "तुम्ही जातीयवादी आहात" म्हटलं की तो माणूस प्रस्ताव सोडून स्वतःच्या अब्रूसाठी लढू लागतो, आणि त्याचे मित्र त्याच्या बाजूने उभे राहतात.

विषय सभेत नेण्याचा आग्रह मात्र सोडू नका. ग्रुपवरचे अंगठे म्हणजे सोसायटीचा ठराव नव्हे. त्यासाठी रीतसर नोटीस, गणपूर्ती, सूचक, अनुमोदक आणि इतिवृत्त लागतं. सभेत हात वर करण्याऐवजी चिठ्ठीने मत घ्या असं सुचवा. ॲश यांच्या कागदावर लिहिलेल्या उत्तरांची गोष्ट इथे कामी येते. चिठ्ठ्यांचे आकडे अंगठ्यांपेक्षा वेगळे निघतात हे मी अनेक गटांत पाहिलंय, आणि तो फरक बघून सगळ्यात जास्त चकित होतात ते बहुमत आपल्या बाजूने आहे असं समजणारेच.

ॲडमिन तुमच्या ओळखीचे असतील तर त्यांनाही एक विनंती करा: वादाच्या विषयावर पोल टाकताना "अजून ठरवलं नाही" हा पर्याय ठेवावा. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराला ॲडमिन केवळ ॲडमिन असल्यामुळे गुन्हेगार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलंय. तेव्हा निव्वळ भीतीपोटी विरोधी मत पुसून टाकण्याचं कारण उरत नाही.

इतरांच्या मनाचा खरा आकडा कळला की वागणं बदलतं, हे सौदी अरेबियात फार सुंदर दाखवलं गेलंय. लिओनार्दो बुर्स्तिन आणि सहकाऱ्यांनी, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रियाधमधल्या तरुण विवाहित पुरुषांना विचारलं, की बायकांनी घराबाहेर नोकरी करावी का? बहुतांश पुरुषांचं खासगी उत्तर होकारार्थी होतं, पण आपल्याच परिसरातले इतर पुरुष विरोधात असतील असा त्यांचा समज होता. अर्ध्या जणांना खरा आकडा सांगितला. त्यांच्यापैकी जास्त जणांनी पत्नीचं नाव नोकरीच्या सेवेत नोंदवलं, आणि काही महिन्यांनी त्यांच्या पत्नी अर्ज करण्यात आणि मुलाखतींना जाण्यात पुढे होत्या. कुणी त्यांना स्त्री-स्वातंत्र्यावर व्याख्यान दिलं नव्हतं.

आता मुलाविषयी. त्याला "तू का नाही थांबवलंस?" असं विचारू नका. बिब लाताने आणि जॉन डार्ली यांच्या १९६८ च्या प्रयोगात, कुणाला तरी झटका आल्याचं ऐकणारा आपण एकटेच आहोत असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के जण लगेच मदतीला उठले. आणखी चौघेही ऐकताहेत असं वाटल्यावर ३१ टक्के. पन्नास जणांच्या ग्रुपवर सोळा वर्षांच्या मुलाने एकट्याने उभं राहावं ही अपेक्षा बहुतेक मोठ्यांनाही झेपत नाही. त्याच्याकडून दोनच गोष्टी मागा. हसरे चेहरे टाकणं बंद कर, आणि त्या मुलाला वेगळा मेसेज कर: "ग्रुपवर चाललंय ते मला आवडलेलं नाही. उद्या डबा बरोबर खाऊ." ज्याला सगळ्यांनी टाकलंय, त्याच्यासाठी सगळे आणि सगळे-वजा-एक यांत फार मोठं अंतर असतं.

वर्गशिक्षकांना भेटा, पण मुलांची नावं देऊन तक्रार करण्याआधी एक काम सुचवा. सगळ्यांकडून नाव न घालता चिठ्ठी घ्यावी: "ग्रुपवर एखाद्याची टर उडवली जाते तेव्हा तुला मजा वाटते का? वर्गातल्या किती जणांना मजा वाटत असेल असं तुला वाटतं?" प्रिन्स्टन विद्यापीठात डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी १९९३ मध्ये दारूबद्दल असेच प्रश्न विचारले होते. सरासरी विद्यार्थी स्वतः जेवढा निर्धास्त होता, त्यापेक्षा इतर जास्त निर्धास्त आहेत असं समजत होता. शाळेतल्या चिठ्ठ्यांतही पहिल्या प्रश्नाचा आकडा दुसऱ्यापेक्षा लहान येण्याची शक्यता दाट आहे. दोन्ही आकडे फळ्यावर लिहावेत आणि मुलांना त्यावर बोलू द्यावं. त्या तासाला शिक्षकांनी उपदेश करू नये, आणि ज्याची टर उडवली जाते त्याचं नाव चर्चेत येऊ देऊ नये. त्याच्याशी आणि त्याच्या पालकांशी वेगळं बोलावं. ग्रुपवर धमक्या असतील किंवा त्याचे फोटो फिरत असतील, तर चिठ्ठ्यांची वाट बघू नका. स्क्रीनशॉट जपून ठेवा, मुख्याध्यापकांना लेखी द्या, आणि गरज वाटली तर १०९८ या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर फोन करा.